मदत हवी आहे: आईच्या इरकलीचा गुलबक्षी रंग जुळवायचा आहे (कोल्हापूर)

नमस्कार. माझ्या लेकीला मुलगी झाली आहे आणि पुढच्या महिन्यात बारसं आहे. पणजीच्या लुगड्याची कुंची पणतीला घालायची, असं आईच्या फार मनात आहे. लुगडं इरकली, नऊवारी. मी पोटात असताना ओटीभरणाला आईला मिळालेलं, म्हणजे आता सत्तावन्न वर्षांचं झालं. अंग सुती, काठ गोमीचे रेशमी, रंग गुलबक्षी. पदराकडचा भाग जीर्ण झालाय, धरला की फाटतो. निऱ्यांच्या आतल्या भागातून कुंचीचं डोकं आणि खांदे निघतात, पण पाठीवर सोडायचं कापड साधारण अर्धा मीटर कमी पडतंय. तेवढं नवीन सुती कापड त्याच रंगाचं हवं आहे. गेले तीन आठवडे मी त्याच्याच मागे आहे.

महाद्वार रोडवरची मॅचिंगची बहुतेक दुकानं पालथी घातली, राजारामपुरीतही जाऊन आले. गुलबक्षी म्हटलं की काउंटरवरची पोरं राणी कलरचा तागा काढतात. "हेच की ओ काकी, गुलबक्षीच हाय हे." नाही हो. राणी जास्त उघडा, डोळ्यावर येणारा. दुसऱ्या दुकानात डाळिंबी दाखवला, त्यात लाल जास्त. तिसऱ्याने मजेंटा म्हणून दिला, तो सरळ जांभळ्याकडे गेला. आई म्हणते, गुलबक्षीत जांभळ्याचा भास पाहिजे, पण जांभळं दिसता कामा नये. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल सगळ्यांना माहीत आहे. उधळलेला कोरडा गुलाल नव्हे, तोच घामाने भिजून सदऱ्याच्या खांद्यावर गडद झालेला. आईच्या लुगड्याच्या जवळ जाणारं एवढंच मला सापडलंय.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन तुकडे जुळले म्हणून आनंदाने घरी आणले आणि अंगणात उन्हात धरले, तर एक गुलबक्षी आणि एक वांगीकडे झुकलेला. दोन कापडांत रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात ती सारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा दुकानाच्या पायरीवर, दिवसाउजेडी बघते. तुम्हीही कुणी जुळवाजुळव करत असाल तर एवढं जरूर करा.

खरी अडचण पुढेच आहे. लुगड्याला आतून आईने फार पूर्वी एक पट्टी लावली होती. परवा ती उसवली. खाली दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब एवढा मूळ रंग निघाला. ऊन नाही, पाणी थोडंच लागलेलं. बाकीचं लुगडं इतकं उतरलंय हे मला तोवर कळलंच नव्हतं. आई तो भाग हातात धरून बराच वेळ बसली. सुई-दोऱ्याची भोकंसुद्धा तशीच दिसत होती आणि भोकांच्या आत धागा आणखी गडद होता. मग नवीन कापड कशाशी जुळवायचं? मूळ रंगाशी जुळवलं तर कुंचीचं डोकं फिकं आणि पाठ गडद दिसणार. उतरलेल्या रंगाशी जुळवावं, तर ज्या रंगासाठी एवढा खटाटोप चाललाय तो कुंचीत कुठेच नसणार.

मला हवंय ते असं. नमुना बघून सुती कापड रंगवून देणारा, अर्ध्या-एक मीटरचं काम घेणारा रंगारी कोल्हापुरात किंवा आसपास कुणाला माहीत आहे का? इचलकरंजीला चौकशी केली, पण तिथल्या प्रोसेसवाल्यांना ताग्यांचं काम लागतं, अर्ध्या मीटरसाठी कोण भांडं लावणार. त्यांचंही बरोबर आहे. आणि रंग पक्का हवा. बाळ कुंचीची कड तोंडात घालणारच, तेव्हा पाण्याला रंग सोडणारं कापड मला चालणार नाही.

घरी एक प्रयत्न केला, तोही सांगते. दुकानातून गुलाबी रंगाची पुडी आणून कोऱ्या केंब्रिकवर मीठ घालून रंगवलं. ओलं असताना सुरेख दिसलं. वाळल्यावर डाग-डाग, आणि धुतल्यावर बादलीभर गुलाबी पाणी. कोऱ्या कापडाची खळ आधी उकळून काढायला हवी होती, ते मी केलं नाही. खळ असली की रंग धाग्यात शिरतच नाही, वरवर बसतो.

दुसऱ्या दिवशी वाढवलेलं, तुमचे प्रतिसाद वाचून:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने लिहाल असं वाटलं नव्हतं.

गुलबक्षीच्या फुलांनीच रंगवा, असं दोघींनी सुचवलंय. आईलाही तेच वाटत होतं. तिच्या माहेरी मंगळवार पेठेत न्हाणीच्या पाण्यावर गुलबक्षीची झाडं माजलेली असायची. दुपारी चारनंतर फुलं उमलायची. लांब देठांची वेणी दोऱ्याशिवाय गुंफायची आणि उरलेली फुलं नखांवर चोळायची. पण नखावरचा तो रंग संध्याकाळच्या भांड्यांबरोबर जायचा, हेही तीच सांगते. या फुलातलं रंगद्रव्य बिटातल्या रंगाच्याच जातीचं, बेटालेन. उष्णता आणि उजेड त्याला सोसत नाहीत, आणि सुती धाग्यावर ते पक्कं बसत नाही. म्हणून तो विचार सोडला.

मोबाइलने फोटो काढून रंगाचे आकडे द्या, असंही एकाने लिहिलंय. भाच्याने तेही केलं. खिडकीत एक आकडा, व्हरांड्यात दुसरा, रात्री तिसरा. तयार आकडे आहेत, पण त्यांनी भागत नाही. संगणकावर फ्युशिया आणि मजेंटा हा एकच रंग आहे, लाल २५५, हिरवा ०, निळा २५५. आपल्या गुलबक्षीला इतकं निळं नको. अमरंथ म्हणून जो रंग मिळतो तो राजगिऱ्याच्या तुऱ्यावरून आलेला, लाल २२९, हिरवा ४३, निळा ८०. तो डाळिंबीकडे जातो. लुगडं या दोन रंगांच्या मधे कुठेतरी आहे. मजेंटा हे नाव मात्र फुलावरून आलेलं नाही. १८५९ साली फ्रान्समध्ये हा कृत्रिम रंग निघाला तेव्हा त्याला फ्युशियाच्या फुलावरून फुक्सिन म्हणत, आणि त्याच वर्षी इटलीतल्या मजेंटा गावी झालेल्या लढाईवरून नाव बदललं.

सबंध कापडच, जुनं-नवं एकत्र, पुन्हा रंगवून टाका म्हणजे सारखं होईल, हा सल्ला पटण्यासारखा आहे. पण सुतावर पक्का बसणाऱ्या रंगाला धुण्याचा सोडा लागतो आणि रेशमाला सोडा मानवत नाही. काठ रेशमाचे आहेत. शिवाय इतक्या वर्षांचा धागा ढवळणं सोसेल असं वाटत नाही. जुन्या कापडाला मी हात लावणार नाही.

एका ताईंनी विचारलंय, आईला रंग नीट दिसतो ना? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. काल मी पट्टीखालचा तो मूळ रंग तिच्यापुढे धरला आणि एकेक डोळा झाकायला सांगितला. डाव्याने म्हणाली, डाळिंबी. उजव्याने म्हणाली, हां, हा गुलबक्षी. मोतीबिंदूत भिंग पिवळं पडतं, निळा उजेड अडतो, म्हणून जांभळ्याची झाक मरते. तीन आठवडे ती दोन्ही डोळ्यांनी तुकडे बघून "नाही, नाही" करत होती आणि मी मनात चिडत होते. आता नमुना पसंत करताना डावा डोळा झाकायचा, असं आमचं ठरलंय.

कशाशी जुळवायचं याचाही निकाल तिनेच लावला. पाठीचं कापड पट्टीखालच्या मूळ रंगाशी जुळवायचं. "वरचं जुनं दिसू दे की, जुनंच हाय ते."

तेव्हा रंगाऱ्याचा पत्ता कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा. किंवा कुणाच्या घरी जुन्या गुलबक्षी इरकलीचा चांगला तुकडा पडून असेल तर त्याचे योग्य पैसे देईन. सांगली, जयसिंगपूर, निपाणीपर्यंत स्वतः येईन. पट्टीखालचा मूळ रंगाचा तुकडा पुठ्ठ्यावर टाचून ठेवला आहे. तोच नमुना म्हणून घेऊन येईन, दिवसा.