अँटासिडच्या गोळीचं बॅक टायट्रेशन (जादा आम्ल घालून उरलेलं आम्ल मोजणं): उत्तर कमी येतंय

प्रश्न (कोल्हापूर, बीएस्सी): लेबलवर ५०० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, माझं ४६०च्या आसपास येतं. फिनॉल्फ्थेलिनचा (दर्शकाचा) गुलाबी रंगही लगेच उडतो.

उत्तर १: भावा, कार्बन डायऑक्साइड विरघळून राहिलाय. तो सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) खातो, बुरेटचं रीडिंग वाढतं, कार्बोनेट कमी दिसतं. ०.२५ ग्रॅम कार्बोनेट येईल एवढी पूड, ५० मिली ०.२ मोलर एचसीएल. झाकून पाच मिनिटं हलकं उकळ, झाकणावरचे थेंब धुऊन आत घे, थंड कर. ०.२ मोलर सोडा २५ मिलीच्या आसपास लागेल.

उत्तर २: सोडाही तपास. आपल्याकडच्या पावसाळ्यात दाणे तराजूवरच ओले होतात, द्रावण पातळ बनतं. केएचपीनं (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) प्रमाणित कर. ब्लँक (गोळीची पूड न घालता तेच टायट्रेशन) घेच, त्यातून रीडिंग वजा केल्यावर ०.२ मोलरचा दर मिली म्हणजे १०.०१ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट.