तुमचा पहिला ऑसिलोस्कोप कुठला? कसा निवडलात?

हिरवी_रेघ
शनिवारी लेकीसाठी ५५५ आयसी (टायमरची चिप) आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) आणायला लॅमिंग्टन रोडला गेले होते. एका दुकानात काउंटरमागचा मुलगा जुन्या सीआरओवर, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या जुन्या ऑसिलोस्कोपवर, अ‍ॅम्प्लिफायर तपासत होता. ती हिरवी रेघ पाहिली आणि पाय तिथेच थबकले. १९९७, डिप्लोमाची लॅब. सहा जणांत एक सीआरओ, २० मेगाहर्ट्झ, ड्युअल ट्रेस (एका वेळी दोन लहरी). नॉबला हात लावायची माझी पाळी तास संपता संपता यायची. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की हे यंत्र एक दिवस माझ्या घरात असणार.

तो दिवस यायला वीस वर्षं लागली. रिगॉलचा डीएस१०५४झेड घेतला, ५० मेगाहर्ट्झ, चार चॅनेल. चारही चालू केले की सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजमाप घेतो ते, एक गिगावरून २५० मेगावर येतं, पण माझ्या कामाला ते भरपूर आहे.

रविवारी लेकीने ९ व्होल्टवर ५५५ चालवला. एक प्रोब पिन ३ वर, दुसरा कॅपॅसिटरवर. वर चौकोनी लहर, खाली ३ आणि ६ व्होल्टच्या मधे चढणारी-उतरणारी. "आई, एक तृतीयांश, दोन तृतीयांश! खरंच तसंच होतंय!" सूत्र तिला आधीच पाठ होतं. दिसलं मात्र काल.

तुम्ही काय घेतलंत, का घेतलंत, सांगा ना.

कल्याण_स्लो
गाडीतून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. डीएसओ१३८ या छोट्या स्कोपचं किट, स्वतः सोल्डर केलेलं. ऑडिओ अ‍ॅम्पला छान चाललं. मग आर्डुइनोच्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर लावलं तर सरळ रेघ. क्रिस्टल मेला म्हणून दोनदा बदलला. नंतर कळलं की त्या किटची बँडविड्थच (किती वेगाचा सिग्नल नीट दिसतो ती मर्यादा) २०० किलोहर्ट्झ आहे, त्याला ते दिसणारच नाही! पण ते किट मी कधीच टाकणार नाही, ट्रिगर (लहर पडद्यावर स्थिर धरणारी सोय) म्हणजे काय हे मला त्याने शिकवलं. मुलुंड गेलं, दाराकडे सरकतो.

फ्लक्स_आणि_चहा
लेकीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. कितवीत आहे?

हिरवी_रेघ
आठवीत 🙂

गिरगावचा_माळा
सगळ्यांनी हे वाचा, हात जोडून सांगतो. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्त करत होतो, प्रायमरी बाजूला, म्हणजे थेट मेन्सला जोडलेल्या भागात, स्कोपच्या प्रोबचा ग्राउंडचा चिमटा लावला. फाट्! चिमट्याचं टोक वितळलं, घरातला एमसीबी पडला, आई आतून धावत आली. स्कोपचं ग्राउंड थेट घराच्या अर्थिंगला जोडलेलं असतं. प्रायमरीत डीसीच ३२५ व्होल्टच्या आसपास. तिथे चिमटा लावणं म्हणजे सरळ शॉर्ट. काही जण उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढतात. तसं मुळीच करू नका. मग स्कोपचं धातूचं अंगच लाइव्ह होतं आणि पुढचा फटका तुमच्या हाताला बसतो. डिफरन्शियल प्रोब वापरा, तो ग्राउंडला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजतो. तो परवडत नसेल तर दुरुस्तीच्या सर्किटला मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. स्वस्त स्कोप घेताना हा खर्च बाजूला काढून ठेवा.

कल्याण_स्लो
बापरे. आई बऱ्या आहेत ना?

गिरगावचा_माळा
ठणठणीत. अजून स्कोप काढला की दारात उभी राहते.

ईएसपी_वेडा
बजेट दहा हजार. काम ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर), सेन्सर, मोटर ड्रायव्हर यांचं. ईएसपी तर २४० मेगाहर्ट्झवर चालतो, मग काय घेऊ?

निवृत्त_टेक्निशियन
२४० चिपच्या पोटात. तुम्ही पिनवर बघणार चिपा एकमेकींशी बोलतात ते सिग्नल: आयटूसी, म्हणजे फार तर ४०० किलोहर्ट्झ, किंवा काही मेगाहर्ट्झचं एसपीआय. चौकोनी लहरीची कड नीट दिसायला सिग्नलच्या पाचपट बँडविड्थ धरतात. ५० मेगाहर्ट्झ तुम्हाला पुरे. जुना अ‍ॅनालॉग सीआरओ स्वस्तात मिळतो, माझं त्याच्यावर प्रेम आहे, पण रिले बंद होताना एकदाच येणारा स्पाइक तो धरून ठेवत नाही. तुम्हाला डिजिटलच हवा. नुसते बिट वाचायचे असतील तर आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर पुष्कळ स्वस्त पडतो.

सायनची_सोल्डर
डब्यावरचा आकडा तपासून घ्या. माझ्यावर १०० मेगाहर्ट्झ छापलंय. ७४एसी१४ या वेगवान लॉजिक चिपच्या आउटपुटला लावला, तिथली कड दोनेक नॅनोसेकंदांत चढते. स्क्रीनवर १२ नॅनोसेकंद. बँडविड्थ म्हणजे ०.३५ भागिले कड चढायचा वेळ; ०.३५ भागिले १२ नॅनो, म्हणजे जेमतेम ३० मेगाहर्ट्झ. पैसे १०० चे दिले होते. फार वाईट वाटलं.

फ्लक्स_आणि_चहा
कुकर लावलाय, पटकन सांगते. प्रोबचं बटण १एक्स वर (सिग्नल जसाच्या तसा) राहिलं होतं, चौकोनी लहरीचे कोपरे गोल दिसायचे. मी सर्किटमधल्या मॉसफेटला (एक ट्रान्झिस्टर) दोष देऊन दोन बदलले. १एक्सला केबलची सगळी कपॅसिटन्स सर्किटवर पडते आणि बँडविड्थ काही मेगाहर्ट्झच उरते. १०एक्स वर (सिग्नल दहापट कमी करून) ठेवा. स्कोपच्या पुढच्या बाजूला १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीचा खिळा असतो, तिथे प्रोब लावून प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने प्रोबचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवा, माथा सपाट होईपर्यंत. नवीन प्रोब, नवीन चॅनेल, दर वेळी. शिट्टी झाली, येते.

ईएसपी_वेडा
पावसाळ्यात स्कोप कुठे ठेवता? आमच्याकडे भिंतीला ओल येते.

निवृत्त_टेक्निशियन
भिंतीपासून लांब. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेने दमट हवा टिकत नाही. गुंडाळून मात्र ठेवू नका. @हिरवी_रेघ, माझ्याकडे डबाभर पॉलिएस्टर कॅपॅसिटर पडून आहेत. लेकीला हवेत का?

हिरवी_रेघ
काका, हवेत म्हणजे काय! पुढच्या शनिवारी ग्रँट रोडला याल? तीही येईल, तिला तुम्हाला लहर दाखवायची आहे. फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय तिने.

निवृत्त_टेक्निशियन
येतो. पूर्वेला, पुलाखाली, अकरा वाजता.