हॉल आणि डायनिंग एकच खोली, घरात सहा माणसं: कशी लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आम्ही फ्लॅट घेतलाय, दसऱ्याला राहायला जायचं आहे. आतल्या खोल्यांचं ठरलंय, गाडी अडलीय ती हॉलवर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असं काम घरी करून घेतलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

खोली २२ फूट लांब आणि ११ फूट रुंद. अरुंद बाजूला मुख्य दार, समोर दुसऱ्या टोकाला पश्चिमेची गॅलरी. आत आलं की डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, त्याला लागून बेसिन. उजव्या हाताला साडेनऊ फूट सलग भिंत, मग बेडरूमकडं जाणारा पॅसेज, आणि त्याच्या पुढं गॅलरीपर्यंत पुन्हा जवळपास तेवढीच भिंत. पंख्याचे पॉइंट दोन आहेत.

एका इंटिरिअरवाल्यांनी आराखडा करून दिलाय. दाराजवळ डायनिंग टेबल, ते आल्या-गेल्याला दिसू नये म्हणून खालपासून छतापर्यंत जाळीचं पार्टिशन, गॅलरीकडं एल आकाराचा सोफा आणि समोर भिंतभर टीव्ही युनिट. बघायला देखणं आहे, पण आमच्या घरातला दिवस त्यात कुठं बसतो तेच मला कळत नाही.

घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे गेलेत. खाली बसता येत नाही आणि खोल सोफ्यातून उठताना कुणाचा तरी हात लागतो. सकाळी पेपर आणि चहा त्यांचा तासभर चालतो. मुलीला खोलीत एकटीनं अभ्यास करायला आवडत नाही, ती वह्या घेऊन माणसांत येऊन बसते. धाकटा जमिनीवर गाड्या घेऊन. रविवारी नणंदेकडची माणसं येतात, तांबडा-पांढरा होतो, तेव्हा बारा-तेरा जण असतात आणि आत्यांना (सासूबाईंना) खाली पंगतच हवी असते. मलाही ती हवी आहे, मोडायची नाही. शिवाय गौरी-गणपती. गौरी आली की दुसऱ्या दिवशी शंकरोबा (गौरीमागून येणारे शंकर), हळदीकुंकवाला बायका, नैवेद्य. तेवढे दिवस हॉलमधला एक कोपरा पूर्ण मोकळा लागतो.

आत्ताच्या भाड्याच्या घरात टेबलाला जागाच नाही. मामा स्वयंपाकघरात स्टुलावर जेवतात, मुलं टीव्हीसमोर ताट घेऊन, आम्ही दोघं जमेल तसं. नव्या घरात रात्रीचं जेवण तरी सगळ्यांचं एकत्र व्हावं, एवढ्यासाठी माझा जीव टेबलात अडकलाय. सोफा साधा चालेल, टीव्ही युनिट नसलं तरी चालेल.

माझ्या मनात टेबल गॅलरीपाशी ठेवायचं आहे. तिथं उजेड भरपूर, अभ्यासही होईल, पेपरही होईल. घरात बाकीच्यांचं म्हणणं, गरम भांडी घेऊन एवढं लांब रोज कोण जाणार. तर टेबल कुठं ठेवावं, पार्टिशन हवं की नको, आणि लाकूडकाम कशात करावं म्हणजे इथल्या पावसात टिकेल? सगळं मिळून दीड लाखात बसवायचं आहे. पंखे आणि पडदे वेगळे धरलेत.

प्रतिसाद १

ताई, टेबल स्वयंपाकघराशीच ठेवा. उजेड दिव्यानं आणता येतो, बेसिन आणि गॅस आणता येत नाही. लहान मुलगा जमिनीवर खेळत असताना रश्श्याचं पातेलं घेऊन अख्खा हॉल ओलांडायचा नाही, हे एक कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं.

पण आराखड्यातल्यासारखं खोलीच्या मध्ये नको. उजव्या हाताची जी सलग भिंत आहे, तिला लागून बाक करून घ्या आणि टेबल बाकापुढं. हिशेब सांगतो. खोलीची रुंदी १३२ इंच. बाक १८ इंच खोल, १८ इंच उंच. टेबल ५ फूट लांब, ३३ इंच रुंद, ३० इंच उंच. टेबलाची कड बाकावर इंच-दोन इंच आत येऊ द्यायची, म्हणजे भिंतीपासून टेबलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत ४९ इंच होतात. उरले ८३, म्हणजे जवळजवळ सात फूट. त्यात खुर्ची ओढून बसलेल्या माणसाला दोन फूट द्या, तरी मागून ताट घेऊन जायला पाच फूट मोकळे. मध्ये टेबल ठेवून दोन्हीकडं खुर्च्या घातल्या तर ही जागा दोन्ही बाजूंना वाटली जाते आणि मुख्य दारातून आत येणारा माणूस खुर्च्यांना अडखळतो.

जेवताना मोठ्या माणसाला साधारण २४ इंच लागतात, मुलांचं त्याहून कमीत भागतं. बाकावर दोन्ही मुलं आणि एक मोठं माणूस, समोर दोन खुर्च्या, आणि बेसिनच्या बाजूच्या टोकाला मामांची हाताची खुर्ची. सहा झाले. टेबलाचे पाय चार कोपऱ्यांना नकोत, बाकावर सरकताना गुडघ्याला लागतात. दोन टोकांपासून फूटभर आत, टी आकाराचे घ्या. लोखंडी सांगाडा उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून होतो, वर सागवानी फळी. जुना वाडा पाडला की सागवानी तुळया विकायला निघतात, त्या चिरून घेतल्या तर लाकूड मुरलेलं मिळतं, नंतर वाकत नाही. फक्त आतले खिळे काढलेत का ते बघून घ्या.

बाकाच्या पोटात सामान ठेवायला जागा करा. ड्रॉवर नकोत, टेबल पुढं असल्यामुळं उघडणार नाहीत. वरून उचलायचं झाकण ठेवा आणि रोजचं काही त्यात ठेवू नका. पंगतीचे पाट, समया, मखर, गणपतीचं सामान हे सगळं तिथं. झाकणाला हळू बंद होणारा दांडा बसवून घ्या, पहिलीतल्या मुलाची बोटं सांभाळायची आहेत.

प्रतिसाद २

पार्टिशन करू नका, ही कळकळीची विनंती. पश्चिमेची गॅलरी आणि समोर मुख्य दार, म्हणजे घरातून वारा जायची हीच वाट. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी गॅलरी उघडली की जो वारा येतो, तो जाळीनं निम्मा अडतो. वर त्या जाळीतली धूळ आणि फोडणीचा चिकटा पुसायचा कुणी? दारातून टेबल दिसतं तर दिसू दे. घरात माणसं जेवत असतील तर आलेल्याला बसा म्हणायचं, आपल्याकडं तेच चालतं.

दोन भाग वेगळे वाटावेत असं असेल तर दिव्यांनी करा. टेबलावर लोंबता दिवा, टेबलापासून ३० ते ३६ इंच वर. त्याहून खाली आला तर समोरच्याचं तोंड दिसत नाही. जेवायला ३००० केल्विनचा पिवळसर उजेड छान, पण मुलगी तिथंच अभ्यास करणार असेल तर तो डोळ्यांना आळस आणतो. म्हणून त्याच भागात ४००० केल्विनचा, जास्त पांढऱ्या उजेडाचा दुसरा दिवा, वेगळ्या बटणावर. मुलगी उजव्या हातानं लिहीत असेल तर तो तिच्या डाव्या बाजूनं यावा, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते. वायरिंगवाला येईल तेव्हाच हे सांगा, नंतर भिंत फोडावी लागते.

मामांसाठी एक सांगते, माझ्या आईचं हेच दुखणं आहे. बैठकीची उंची गादी दबल्यावर १७-१८ इंच उरली पाहिजे. दुकानात गादी न दाबता मोजतात, तिथं फसायला होतं. हात टेकायला दोन्ही बाजूंना घट्ट हात हवेत. एल आकाराच्या सोफ्यात कोपऱ्यातल्या माणसाला एकच हात असतो, कधीकधी एकही नसतो. त्यापेक्षा तिघांचा सरळ सोफा पॅसेजच्या पुढच्या भिंतीला आणि मामांची एक स्वतंत्र खुर्ची गॅलरीच्या तोंडाशी. उजेड तिथं आहेच, पेपर तिथं वाचू दे. सुटे गालिचे मात्र अंथरू नका, वयस्कर माणसाचा पाय त्यातच अडकतो. खाली बसायला घोंगडं किंवा चटई, बसून झालं की गुंडाळून बाकात.

प्रतिसाद ३

पावसाबद्दल लिहितो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर वारा आणि पाऊस पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळं तुमची गॅलरीची बाजू चार महिने ओली राहणार. टेबल तिथं न ठेवण्याचं हे आणखी एक कारण. आत्ता पाऊस चालू आहे तोवर गॅलरीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तळहात फिरवून बघा. थंड-दमट लागलं, रंगाला फुगे दिसले किंवा पांढरी पावडर हाताला आली, तर ओल आहे. ती बाहेरून बंद करून घ्या. आतून वॉटरप्रूफ पुट्टी मारली तर एक पावसाळा झाकली जाते, पाणी भिंतीतच राहतं. ते काम झाल्याशिवाय त्या भिंतीला एकही कपाट चिकटवू नका, आणि नंतरही मागं दोन-तीन इंच फट ठेवा.

प्लाय घेताना एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, पाण्यात टिकणारा नव्हे. बेसिनखालचं कपाट आणि बाक यांना आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, शिक्का प्रत्येक तावावर बघा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) बेसिनजवळ अजिबात नको, कडेनं पाणी पिऊन फुगतो. बाकाला खाली चार इंचांचे पाय ठेवा, फरशी पुसताना पोछ्याचं पाणी लागणार नाही.

टेबलावर पांढरा संगमरवर कुणी सुचवला तर नाही म्हणा. लिंबू, चिंच, कोकम काहीही सांडलं तरी तेवढ्या जागेची चकाकी जाते, हळदीचा डाग मुरतो. ग्रॅनाइटला हे होत नाही, म्हणून मी तरी ग्रॅनाइट घेईन. बाकामागची भिंत टेकून टेकून काळी होते, तिथं साडेतीन फुटांपर्यंत सनमायका लावलेली फळी किंवा निदान धुता येणारा रंग.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद वाचून आम्ही फ्लॅटवर गेलो आणि फरशीवर खडूनं बाक, टेबल, खुर्च्या आखल्या. मामा आखलेल्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसले, तिथून उठून बेसिनपर्यंत एकदा भिंतीला हात लावत आणि एकदा न लावता गेले. म्हणाले, जमतंय. आत्यांनी मधल्या मोकळ्या जागेत पंगत बसते का ते पाहिलं. टेबल भिंतीकडं सरकवलं तर डावीकडच्या रांगेत सात आणि समोर सहा बसतात, मध्ये वाढणाऱ्याला वाट राहते. गॅलरीचा माझा हट्ट तिथंच सोडला.

पार्टिशन रद्द. भिंतभर युनिटही रद्द, टीव्ही सोफ्यासमोरच्या भिंतीवर आणि खाली एकच बुटकं कपाट. टेबलावरून तो दिसणार नाही अशा बेतानं लावतोय. पडद्याला जाडसर सुती कापड इचलकरंजीहून आणणार आहे.

ग्रॅनाइटबद्दल मात्र माझं मत वेगळं पडलं. पंगतीला दर रविवारी आणि गौरीला टेबल हलवावं लागणार. पाच फुटी ग्रॅनाइट दोन माणसांना उचलणार नाही आणि ढकललं तर फरशीवर ओरखडे. म्हणून सागवानी फळीच, वर मॅट पॉलिश आणि रश्श्याच्या पातेल्याखाली लाकडी चकती. डाग पडले तर दोन-तीन वर्षांनी घासून पुन्हा पॉलिश करता येतं असं सुतार म्हणाला.

आता एकच राहिलं. गौरी-गणपती कुठं बसवायचे? आत्यांच्या मनात बाकाची भिंत आहे, म्हणजे आत येताच दर्शन होतं. पण मग ते दिवस टेबल कुठं जाणार? आणि तिथं प्लगचे पॉइंट किती घेऊ? इलेक्ट्रिशियन सोमवारी येतोय.

प्रतिसाद १

बाकाची भिंत उत्तम. बाक हाच चौरंगाचा पाया होतो, त्याच्यावर फळी टाकून पायऱ्या करा. टेबल तेवढे दिवस सोफ्याच्या टोकाशी, गॅलरीच्या काचेला समांतर लावा, दार मात्र अडू देऊ नका. दोन माणसांत उचलायचं म्हणून सांगाडा जाड पाइपचा नको, दीड इंची चौकोनी पुरतो.

प्लग दोन ठिकाणी घ्या. एक बाकाच्या बैठकीच्या वर, टेबलाच्या उंचीच्या जरा वरती, म्हणजे ४० इंचांवर: मुलीचा लॅपटॉप, एरवी मोबाइल. दुसरा त्याच भिंतीवर सात फुटांवर, बटण खालच्या बोर्डात. गणपतीच्या माळा वरून सोडता येतील आणि वायर जमिनीवरून जाणार नाही, हळदीकुंकवाला बायकांच्या पायात यायला नको. आणि त्या भिंतीत दोन पक्के हूक आत्ताच बसवून घ्या. मखर बांधायला दरवर्षी खिळे ठोकले तर नवा रंग टिकणार नाही.