पाण्याचा दाब वाढल्यावर भूकंप मंद कसा होतो? (कॅस्केडिया)

कातळ: कोयनेला खडकात पाण्याचा दाब वाढून भूकंप होतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मग कॅस्केडियात, म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत जिथे समुद्राखालची प्लेट खंडाखाली बुडते तिथे, व्हँकुव्हर बेटाखाली ३०-४० किमी खोलीवर पाण्यामुळेच भूकंप मंद होतो म्हणतात, ते कसं? तिथे साधारण १४ महिन्यांनी भ्रंश, म्हणजे खडक जिथे एकमेकांवर सरकतात ती भेग, दोन-तीन आठवडे सरकत राहतो, दोन-चार सेंटिमीटर, आणि हादरा कुणालाच जाणवत नाही. पकड सैल झाली तर भ्रंश उलट जोरात सुटायला हवा ना?

अभ्रक: सरकणं सुरू कधी होतं आणि ते वेग घेतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खडकाच्या दाबातून पाण्याचा दाब वजा करा. उरतो तो प्रभावी दाब. भ्रंशाची पकड त्यावर ठरते, आणि सरकताना पकड किती ढासळेल तेही त्याच प्रमाणात. कोयनेला ५ किमीवर तो ८० मेगापास्कलच्या आसपास, धरणामुळे त्यातला फार तर १ कमी होतो. निमित्त मिळतं, पण ढासळायला भरपूर उरतं, म्हणून धक्का. कॅस्केडियात ३५ किमीवर खडकाचा दाब सुमारे १००० मेगापास्कल, पण बुडत्या प्लेटच्या खनिजांतून सुटलेलं पाणी कोंडून राहतं आणि प्रभावी दाब मोजक्या मेगापास्कलवर येतो. भरती-ओहोटीच्या काही किलोपास्कलनेही तिथले न जाणवणारे बारीक कंप कमी-जास्त होतात, ते यामुळेच.

शिलारस: आकडे घालून बघा. धक्का बसायला सरकणारा पट्टा एका किमान लांबीहून मोठा लागतो: खडकाची दृढता × घसरण-अंतर (घर्षण घटेपर्यंत जेवढं सरकावं लागतं ते) ÷ (प्रभावी दाब × घर्षणातली घट). दृढता ४० गिगापास्कल, अंतर प्रयोगशाळेत मिळतं तसं ०.१ मिमी, घट ०.००३ धरली तर ६५० मेगापास्कलला (पाणी कोंडलेलं नसतं तर ३५ किमीवर एवढा प्रभावी दाब असता) ही लांबी २ मीटर येते, ३ मेगापास्कलला सुमारे ४५० मीटर. प्रत्यक्षातले पट्टे मात्र दहा-दहा किलोमीटरचे! म्हणजे प्रयोगशाळेतलं अंतर जसंच्या तसं वापरलं तर संगणकावरचं भ्रंशाचं मॉडेल धक्काच देणार. मग बरेच जण ते अंतर मिलिमीटर-सेंटिमीटरपर्यंत वाढवतात. मला ते पटत नाही. आणि मॉडेलची जाळी या लांबीपेक्षा बरीच बारीक ठेवा, नाहीतर जाळीची प्रत्येक चौकट स्वतंत्र तुटून खोटे भूकंप दिसतात.

कातळ: अंतर न वाढवता वेग आवरायचा कसा?

अभ्रक: प्रसरणाने. वेग वाढला की भ्रंशातल्या भुग्याचे कण एकमेकांवर चढतात, पोकळ्या रुंदावतात, तिथला पाण्याचा दाब पडतो आणि पकड पुन्हा घट्ट होते. अट एकच: बाहेरचं पाणी लगेच आत येता कामा नये. भोवतालचा खडक पाझरता धरलात की हा ब्रेक लागतच नाही, म्हणून आधी पारगम्यता, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं ते, तपासा.