पेडल नाही, बॅटरी नाही, तरी पळणारी ती हलवायची गाडी: पेटंट नक्की कशाचं?

चाकोरीबाहेर:
लोकहो, प्रश्न फालतू वाटेल पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. ती प्लास्टिकची बुटकी गाडी आठवते का, वर बसायचं, पाय पुढे टेकवायचे आणि स्टिअरिंग नुसतं डावं उजवं डावं उजवं करत राहायचं की गाडी निघाली. ना पेडल ना सेल ना चावी. कोणी स्विंग कार म्हणतं कोणी मॅजिक कार, आमच्या घरी तिला "हलवायची गाडी" म्हणायचे. माळा आवरताना परवा आमची जुनी सापडली, सीटला तडा गेलाय पण चालते अजून (हो, बसून बघितलं, ३१ वर्षांचा घोडा आहे मी, हसा). उलटी केली तर तळाला उठावाच्या अक्षरांत "पेटंट पेंडिंग". भाऊ म्हणतो स्टिअरिंग हलवून गाडी पळवायची आयडियाच कोणीतरी पेटंट केलीये, म्हणजे दुसरा कोणी तशी बनवूच शकत नाही. मी म्हटलं मग बाजारात वीस तऱ्हेच्या दिसतात त्या कशा? पैज लागलीये. कोणाला खात्रीचं माहितीये का, हे पेटंट कोणाचं आणि नक्की कशाचं?

उगाचच_एक:
सोप्पंय. प्लाझ्माकार. कॅनडाच्या प्लाझ्मार्ट नावाच्या कंपनीची, बाकी सगळ्या तिच्या कॉप्या. पैज भाऊ जिंकला, पार्टी घ्या.

रेघोट्या:
थांबा थांबा, इतक्यात पार्टी नको. मी पेटंटची ड्रॉइंग काढायचं काम करते, म्हणजे ती बाण आणि आकडे लावलेली चित्रं असतात ना ती, त्यामुळे जुनी पेटंटं उकरत बसायची वाईट सवय आहे. ही युक्ती प्लाझ्माकारच्या कितीतरी आधी कागदावर आलेली आहे. अमेरिकेचं पेटंट नंबर ३६६३०३८, साल १९७२, नाव विल्यम हेंड्रिक्स. आणि पेटंटचं शीर्षक बघा, मराठीत साधारण असं होईल: "स्टिअरिंगच्या यंत्रणेच्या फक्त हेलकाव्यांनी पुढे जाणारं आणि वळणारं ग्लायडर". शीर्षकातच सगळी गोष्ट सांगून मोकळा झालाय माणूस. त्यावरून आलेलं खेळणं म्हणजे रोलर रेसर, फ्लाइंग टर्टल पण म्हणतात त्याला. दिसायला तुमच्या गाडीसारखं अजिबात नाही, एक सीट आणि पुढे आडवा हँडलबार एवढंच, पण चालायची तऱ्हा तीच.

तेव्हा अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं चालायचं, म्हणजे हे १९८९ लाच संपलं. संपलं की त्यात लिहिलेलं सगळं सगळ्यांचं, कोणीही बनवा.

आणि "पेंडिंग" म्हणजे पेटंट मिळालंय असं नाही हो, नुसता अर्ज टाकलाय. अर्जावर कोणाला कोर्टात खेचता येत नाही. खेळण्यांच्या तळाला ते दोन शब्द मुख्यतः दुसऱ्याला घाबरवायला असतात हे माझं वैयक्तिक मत.

चाकोरीबाहेर:
१९७२!! माझा तर जन्म पण नव्हता. पण ताई, ती पळते कशी हेच मला अजून कळलेलं नाही, लहानपणी वाटायचं आत काहीतरी गुंडाळलेली स्प्रिंग असणार, मी एकदा स्क्रू काढून बघायला गेलो होतो आणि कानाखाली बसली होती.

घर्षणप्रेमी:
आत काही नाही, सगळं बाहेरच आहे. गाडी उलटी केलीच आहेस तर पुढची दोन चाकं नीट बघ. स्टिअरिंगचा दांडा जिथे खाली उतरतो त्याच्या बरोबर खाली ती चाकं नसतात, दांड्यापासून थोडी मागे, तुझ्या सीटच्या बाजूला सरकवलेली असतात. सगळी मेख त्या थोड्याशा अंतरात आहे. चाकं दांड्याच्या बरोबर खाली असती तर स्टिअरिंग कितीही घुसळलं असतंस तरी जागच्या जागी नुसती फिरली असती.

आता अंतर असल्यामुळे काय होतं की तू स्टिअरिंग फिरवलंस की चाकांची जोडी आडवी सरकायला बघते. पण चाक फक्त पुढेमागे सुखाने गडगडतं, आडवं जायला फरशी त्याला सोडत नाही, मग फरशी उलट ढकलते. चाकं तिरकी असताना बसलेला तो धक्का पण तिरका, त्याचा एक हिस्सा गाडीला पुढे नेतो आणि एक हिस्सा बाजूला. बाजूचा हिस्सा डावीकडे उजवीकडे आलटून पालटून येतो म्हणून एकमेकांत जिरतो (गाडी नागमोडी जाते ती त्यामुळेच), मागची चाकं सरळ घट्ट बसवलेली असतात ती शेपूट घसरू देत नाहीत आणि पुढचा हिस्सा साठत जातो. खरा जोर मधे नाही मिळत, टोकाला मिळतो, म्हणजे स्टिअरिंग एका बाजूला नेऊन झटक्यात परत वळवतोस ना, त्या वळणावर. मुलं बरोबर तिथेच जोर लावतात, कोणी शिकवत नाही. स्केटिंगवाला पाय तिरका करून रेटतो ना, जवळपास तसंच.

आता एक करून बघ. स्टिअरिंग अर्धा फेरा पूर्ण उलटं फिरव म्हणजे ती चाकं दांड्याच्या पुढे येतील, आणि मग तसंच हलव.

चाकोरीबाहेर:
अरे बापरे मागे जातेय!!! आत्ता हॉलमधे करून आलो, कपाटावर आपटलो. आणि चाकं खरंच मागे आहेत, बोटाने मोजलं तर चार बोटं तरी. इतकी वर्षं बसलो हिच्यावर, रिव्हर्स आहे हेच माहीत नव्हतं. गालिच्यावर मात्र ढिम्म हलत नाही, तिथे काय झालं?

घर्षणप्रेमी:
गालिच्यात चाकं रुततात, जेवढं कमावलं तेवढं रुतण्यातच खर्च. खडबडीत रस्त्यावर तेच. आणि उलट टोक म्हणजे तेल सांडलेली फरशी, तिथे आडवी पकडच नाही मग ढकलणार कोण. गडगडायला गुळगुळीत पण आडवं घट्ट, असं दोन्ही लागतं.

हे पोरखेळ समजू नका हां. रोलर रेसरवर मेरीलँड युनिव्हर्सिटीत कृष्णप्रसाद आणि त्साकिरिस यांनी रीतसर गणित मांडलंय, २००१ मधे पेपर आलाय. त्यांना रस रोबोटमधे होता, सापासारखं वळवळून पुढे जाणारं यंत्र ज्याच्या चाकांना मोटरच नाही. समीकरणं बघून माझं डोकं दुखलं ते सोडा.

उगाचच_एक:
बरं मानलं, मी चुकलो. पण मग रेघोट्या ताई, युक्ती १९८९ ला मोकळी झाली तर नंतर या गाड्यांवरून कोर्टकचेऱ्या कशाला झाल्या? झाल्यात एवढं मला नक्की आठवतंय.

रेघोट्या:
झाल्यात ना, आणि पैजेचं उत्तर तिथेच आहे. पेटंट "आयडिया"वर मिळत नाही, क्लेमवर मिळतं. पेटंटच्या शेवटी नंबर घातलेली वाक्यं असतात ते क्लेम. प्रत्येक क्लेम एकच वाक्य, कितीही लांब झालं तरी पूर्णविराम शेवटीच, स्वल्पविरामांची मालगाडी. त्या वाक्यात जेवढं बसतं तेवढंच तुमचं. बाकी चित्रं वर्णनं काही का असेना. मूळ युक्ती जुनी झाली की नंतर येणारा माणूस एखादी छोटी सुधारणा पकडून तिचा क्लेम करतो.

इथे ती सुधारणा म्हणजे दोन पिल्लू चाकं. चाकोरीबाहेर, तुमच्या गाडीला अगदी नाकाखाली दोन बारकी चाकं आहेत का बघा. मुख्य चाकं मागे सरकवल्यामुळे नाक अधांतरी राहतं, पोरगं पुढे झुकलं की गाडी तोंडावर पडणार, ते होऊ नये म्हणून ही सेफ्टीची चाकं. या सेफ्टी चाकांवाल्या गाडीचं २००४ चं एक अमेरिकन पेटंट होतं, नंबर ६७२२६७४. प्लाझ्मार्टने त्यालाच आव्हान दिलं, म्हणजे तुम्ही समजताय त्याच्या उलट, प्लाझ्माकारवाले इथे पेटंट पाडायला निघाले होते. पेटंट ऑफिसच्या अपील बोर्डाने क्लेम टिकवले, मग प्रकरण फेडरल सर्किट कोर्टात (अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणारं कोर्ट) गेलं, २०१२ मधे कोर्टाने बोर्डाचा निर्णय फिरवला. म्हणणं साधारण असं की आधीच्या डिझाइनमधे सेफ्टी चाकं होतीच, ती जरा वेगळी मांडणं हे त्या कामातल्या माणसाला सहज सुचेल, त्याला शोध म्हणत नाहीत. केसचं नाव प्लाझ्मार्ट विरुद्ध कापोस, यातले कापोस बिचारे खेळणीवाले नाहीत, तेव्हाचे पेटंट ऑफिसचे डायरेक्टर.

मला स्वतःला कोर्टाचं पटतं पण पूर्ण नाही. ड्रॉइंग काढताना रोज बघते, "सहज सुचेल" असं जे जे म्हणतात ते आधी कोणालाच सुचलेलं नसतं. सुचल्यावर सगळेच म्हणतात हॅ, हे काय.

चाकोरीबाहेर:
आहेत आहेत! दोन बारकी चाकं आहेत, एक गायब आहे, नुसती खुंटी उरलीये. आणि आता डोक्यात ट्यूब पेटली, लहानपणी मी एकदा तोंडावर आपटून पुढचा दात पाडून घेतला होता आणि सगळ्यांनी मलाच शिव्या घातल्या की नीट बसता येत नाही का. भावाला धागा वाचायला दिला. तो म्हणतो पैज बरोबरीत सुटली कारण पेटंट "होतं तरी". मी म्हटलं १९८९ ला संपलेलं चालत नाही. आता म्हणतोय ते बारकं चाक त्यानेच काढलं होतं, त्याच्या ट्रकला लावायला.

उगाचच_एक:
मग पार्टी त्याच्याकडून. दाताची वेगळी.