डिस्टन्सने बीए करावं म्हणतोय, एजंट म्हणायलाय एका वर्षात डिग्री काढून देतो. घ्यावी का?

जिंतूरकर_वाळूज:
नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यातला, सध्या वाळूजला ठेकेदाराकडं कामाला आहे. बारावी आर्ट्स झाली अन् पुढं शिकायचं राहूनच गेलं, आता तलाठी नाहीतर पीएसआयचं बघावं म्हणतो तर दोन्हीकडं डिग्री मागतात. रेग्युलर कॉलेज जमणार नाही, शिफ्ट सारखी बदलते. रूमवरच्या पोराच्या ओळखीचा एक जण आहे, तो म्हणायलाय बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीची बीए एका वर्षात करून देतो, ॲडमिशन मागच्या सालातली दाखवू, पेपरचं टेन्शन घेऊ नको. पस्तीस हजार, निम्मे आधी, तेही त्याच्या स्वतःच्या नंबरवर. वरून बारावीचं ओरिजिनल मार्कशीट अन् टीसी जमा कर म्हणतो. दुसरीकडं मामा म्हणतात मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीला कुत्रं इचारत नाही. मंग करावं तरी काय? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त चांगलं का इग्नू, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यापीठ? वहिनीलाबी करायचंय, तिची बारावी लग्नाआधीच झालेली आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

अभ्यासकेंद्र_परभणी:
भाऊ आधी एक काम करा, त्या माणसाला ओरिजिनल कागद देऊ नका अन् दिले असतील तर आजच्या आज जाऊन घेऊन या. ॲडमिशन झाली तरी ओरिजिनल ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याच युनिव्हर्सिटीला नाही, यूजीसीचं, म्हणजे युनिव्हर्सिट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं, 2018 चं तसं नोटिफिकेशनच आहे, मग हा कोण लागून गेला. कागद अडकवून ठेवायचे म्हणजे पोरगं उरलेले पैसे भरायला येतंयच, हा त्यांचा ठरलेला धंदा आहे. आमच्याकडं दरवर्षी असं कोणी ना कोणी रडत येतं.

आता एका वर्षात बीए. डिस्टन्सची डिग्री रेग्युलरपेक्षा कमी काळात देताच येत नाही, बीए म्हणजे कमीत कमी तीन वर्षं. ते लोक क्रेडिट ट्रान्सफर (आधीच्या शिक्षणाचे गुणांक नव्या कोर्सला धरणं) असा शब्द टाकतात, ती सोय खरी आहे पण तुम्ही आधी खरंच कुठं शिकून क्रेडिट कमावले असतील तर, बारावी झालेल्या पोराचे कुठून येणार. अन् मागच्या सालातली ॲडमिशन तर आता सोडूनच द्या, 2024 पासून डिस्टन्स अन् ऑनलाइन दोन्हीला डीईबी आयडी (डीईबी म्हणजे यूजीसीचा डिस्टन्स शिक्षणाचा विभाग) लागतो, तो यूजीसीच्या पोर्टलवर विद्यार्थ्यानं स्वतः काढायचा असतो, त्याला आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर, काढावा लागतो. म्हणजे तुमची नोंद कधी झाली ते तिथं दिसतंय, मागची तारीख टाकणार कुठं?

बाहेरच्या राज्याचंही ऐका. इग्नू देशभराचं आहे, त्याचं सोडा. बाकी दुसऱ्या राज्यातल्या राज्य किंवा प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला डिस्टन्ससाठी आपल्याकडं सेंटर टाकता येत नाही, हद्द ठरलेली असते. ऑनलाइन डिग्रीला हद्द नाही, पण तिथंही फॉर्म अन् फी थेट युनिव्हर्सिटीच्या साइटवर, मधे कोणी नाही. फ्रँचायजी द्यायला बंदीच आहे.

कुठलंही नाव कोणी सांगितलं की डीईबीच्या साइटवर बघायचं. नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव दिसलं म्हणून खुश व्हायचं नाही, तुमचा कोर्स त्या यादीत आहे का अन् ज्या सत्राला ॲडमिशन घेताय त्या सत्राला आहे का ते बघायचं, कारण मान्यता कोर्सनुसार अन् सत्रानुसार असते. इथंच लोकं फसतात, युनिव्हर्सिटी खरी असते अन् कोर्सला मान्यताच नसते.

लातूरची_ताई:
सरांनी कागदाचं सांगितलं, मी अभ्यासाचं सांगते कारण खरी गळती तिथंच होते. मी मुक्तमधून बीए केलं, लग्नानंतर, लेकरू लहान असताना. पुस्तकं सोप्या मराठीत असतात, घरी वाचून समजतील अशीच लिहिलेली, त्याचं काही टेन्शन नाही. टेन्शन हे की कोणी इचारणारंच नसतं. कॉलेजात निदान हजेरी तरी असते. इथं पुस्तकं फ्रिजवर ठेवली की ठेवली, एकदम हॉल तिकीट आल्यावर खाली येतात, त्यावर तवर सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा बसलेला असतो 😄

दादा तुम्ही तर शिफ्टला, म्हणून सांगते, होम असाइनमेंट आधी लिहून टाका. त्याचे मार्क रिझल्टमध्ये धरतात, इग्नूत तर 30 टक्के वजन असाइनमेंटचं अन् 70 टक्के परीक्षेचं, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पेपर चांगला गेला पण असाइनमेंट जमा नाही म्हणून लटकलेली पोरं मी बघितलीत. अन् जमा करताना पोच घ्या, ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. दुसऱ्याचं छापू नका, तपासणारे समंत्रक, म्हणजे केंद्रावरचे शिक्षक, त्याच गावचे असतात, अक्षरासकट ओळखतात.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. बारावीनंतर गॅप पडला की हाताची लिहायची सवय मोडते. पहिल्या पेपरला तासाभरातच माझी बोटं आखडली अन् येत असलेला प्रश्न अर्धा राहिला. घरी वेळ लावून लिहायला बसत जा, नुसतं वाचून होत नाही.

संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरचे तास, बहुतेक रविवारी असतात, पण सगळी केंद्रं घेतात असं समजू नका. ॲडमिशनच्या आधी केंद्रावर जाऊन मागच्या वर्षीच्या पोरांना इचारा की खरंच शिकवायला कोणी येतं का. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, वहिनीला म्हणावं एक चक्कर मारून या.

नाशिक का इग्नू म्हणाल तर मराठीत लिहायचं असेल तर नाशिक. इग्नूची पुस्तकं मुख्यतः इंग्रजी-हिंदीत असतात, ई-ज्ञानकोश या त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ती उघडून बघा अन् मंग ठरवा. इग्नूची रिजनल सेंटरं मुंबई, पुणे अन् नागपूरला, मराठवाड्यात नाही, कामासाठी फिरायला लागलं तर लांब पडतं. मुक्तची विभागीय केंद्रं संभाजीनगर अन् नांदेडला आहेत. इग्नूची एक गोष्ट मात्र चांगली, जूनला राहिलेला पेपर डिसेंबरला देता येतो अन् बीएला सहा वर्षांपर्यंत मुदत असते.

एमपीएससी_संभाजीनगर:
मामांना सांग, मुक्त 1989 पासून चालू आहे, त्यातून शिकलेली माणसं सरकारी नोकरीत गावोगाव सापडतील. यूजीसीनं सप्टेंबर 2022 मध्ये परत स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या डिस्टन्स अन् ऑनलाइन डिग्र्या रेग्युलरच्या बरोबरीच्या. एमपीएससीला मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीची डिग्री लागते, कुठल्या पद्धतीनं केली ते नाही. पण प्रायव्हेटमध्ये काही एचआरवाले नाक मुरडतात हे खरंय, खोटं कशाला बोलू. तिथं अनुभव दाखवावा लागतो, अन् तू तर काम करायलाच आहेस.

शिफ्टचं म्हणशील तर टाइमटेबल लागल्याबरोबर त्याची प्रिंट काढून सुपरवायझरकडं दे. आदल्या दिवशी सांगितलं तर ठेकेदार सोडणार नाही, अन् नाइट करून सकाळी पेपर हा प्रकार तर अजिबात करू नको.

हिंगोली_गर्ल:
मधेच घुसते सॉरी 🙏 नर्सिंग डिस्टन्सनं होतं का? आमच्याकडं एक इन्स्टिट्यूट म्हणायलंय होतं म्हणून.

अभ्यासकेंद्र_परभणी:
नाही होत ताई. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, मेडिकल, फिजिओथेरपी, लॉ, हे काहीच डिस्टन्सनं चालत नाही. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून सायकॉलॉजीबी बंद झालं. बीएडचंही लोक इचारतात, ते डिस्टन्सनं सगळ्यांना नाही, डीएडसारखा कोर्स रेग्युलर झालेल्यांनाच घेतात. त्या इन्स्टिट्यूटला एकच इचारा, डिग्रीवर नाव कुणाचं येणार. लेखी मागा. देत नाहीत.

जिंतूरकर_वाळूज:
सगळ्यांचे आभार. टीसी दिली नव्हती, बरं झालं. आज त्याला डीईबी आयडीचं इचारलं तर म्हणतो ते सगळं मॅनेज होतं, अन् दुपारपासून फोन उचलेना. नाशिकचंच फायनल करतो. पण आता वहिनीचा घोळ निघाला, मार्कशीटवर माहेरचं नाव अन् आधारवर सासरचं, दोन्ही वेगळं. चालतं का?

लातूरची_ताई:
इथंच अडकतं बघा. डीईबी आयडीत आधारवरचंच नाव येतं, अन् मार्कशीट दुसऱ्या नावाचं असलं की पुढं डिग्रीवर कुठलं छापायचं हा घोळ होतो, नोकरीच्या कागदपत्र तपासणीला तर अजूनच. लग्नाचं सर्टिफिकेट काढलेलं आहे का आधी बघा, नसेल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडं नोंदणी होते. नाव बदलल्याचं राजपत्रात (गॅझेटमध्ये) छापून घेतलं तर सगळ्यात भारी, त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. माझ्या जावेनं गॅझेट केलं अन् तीच प्रत सगळीकडं जोडते.

अभ्यासकेंद्र_परभणी:
बरोबर सांगितलं ताईंनी. गॅझेटला वेळ लागतो म्हणून वहिनीचं आत्ताच चालू करा, ॲडमिशनच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा साइटबी हँग असते अन् आम्हीबी. अन् फॉर्ममध्ये मोबाईल नंबर वहिनीचा स्वतःचा टाका, सीएससीवाल्याचा किंवा तुमचा नको, सगळे ओटीपी तीन वर्षं त्याच नंबरवर येतात.