मदत हवी आहे: गॅननडॉर्फची सत्तेची भूक आली कुठून?
‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या ‘विंड वेकर’मध्ये खलनायक गॅननडॉर्फ स्वतःच सांगतो, की त्याच्या वाळवंटात वारा मरण घेऊन यायचा आणि हायरूल राज्यातला वारा मात्र वेगळा होता. तिथे मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये (२०२३) तो वाळवंटातल्या गेरुडो जमातीचा राजा म्हणून येतो, निष्ठेचं नाटक करतो, राणी सोनियाला मारून तिचा शक्ती वाढवणारा दगड बळकावतो. पण त्याआधीचं काय?

या गेममध्ये ड्रॅगनच्या अश्रूंतून दिसणाऱ्या सगळ्या आठवणी पाहिल्यात, शेवटची लढाईही झाली, त्यामुळे कथा फुटली तरी चालेल. चाहत्यांचे तर्क मात्र नकोत, गेममधलाच पुरावा हवा. गेरुडो गावातल्या एखाद्या साइड क्वेस्टमध्ये, शिलालेखात किंवा कुणाच्या बोलण्यात त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल काही सापडतं का?